गोरव्याच्या शेडमध्ये पप्पा आले होते

मी या भुताखेतांच्या अनुभवांच्या ग्रुपवर बरीच वर्षं नुसती वाचक आहे. आणि खरं सांगायचं तर वाचताना बहुतेक वेळा मनात म्हणत आले आहे – झोप झाली नसेल, ताप असेल, नाहीतर शेजाऱ्यांचा टीव्ही असेल. आमच्या घरात रोज देवाला फूल वाहिलं जातं, पण नजर काढणं, उतारा टाकणं असलं काही कधी नव्हतं. पप्पा तर पक्के प्लांटवाले. पाइपमधून आवाज आला तर त्याला कारण असतं आणि ते शोधायचं असतं, ही त्यांची शिकवण. त्यामुळे आज हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय. पण जे झालं ते पाहणारी मी एकटी नव्हते, म्हणून लिहिते आहे.

मी बडोद्याची, ऋजुता. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, तेव्हापासून आम्ही इथलेच. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की गुजराती. पप्पा नंदेसरीच्या एका केमिकल कंपनीत बॉयलर ऑपरेटर. कंपनीची बस त्यांना सकाळी न्यायची आणि संध्याकाळी आणून सोडायची. माझ्या लहानपणापासून तेच.

मी इथेच पेंटिंग शिकले, मग एका शाळेत चित्रकलेची टीचर झाले. पर्मनंट झाले. आणि पर्मनंट झाल्यावर काही महिन्यांतच नोकरी सोडली. कारण एवढंच की दिवसभर पोरांकडून फळांची टोपली काढून घेतल्यावर घरी येऊन माझा हात चालायचा नाही. राजीनामा आधी दिला आणि घरी नंतर सांगितलं. पप्पा ओरडले नाहीत. त्यांनी माझ्याशी बोलणंच बंद केलं. म्हणजे जेवताना मी समोर बसलेली असायचे आणि ते आईला सांगायचे, “तिला सांग, भाजी घे.” आई बिचारी सांगायची, “भाजी घे गं.” असं कित्येक महिने चाललं.

आम्ही चार कलाकार मित्रमैत्रिणींनी मिळून स्टुडिओसाठी बडोद्याच्याच गोरवा भागात एक जुनी शेड भाड्याने घेतली होती. पूर्वी तिथं लेथ मशीन चालायची, जमिनीला तेलाचे डाग होते. पत्र्याचं छप्पर, पुढं एक मोठं शटर, मागं भिंत – तिला एकच उंचावर खिडकी, तीही जाळी मारलेली. येण्याजाण्याचा रस्ता फक्त शटरमधून. हे नीट सांगते आहे कारण पुढं ते महत्त्वाचं आहे. शटरजवळची जागा हेतलची. ती सिरॅमिक करते. आत, मधल्या प्लायच्या पार्टिशनपलीकडे मी. बाकीचे दोघे त्या दिवसांत मुंबईला एका कामावर गेले होते.

पोटापाण्यासाठी मी कॅफेच्या भिंती रंगवायचे, लग्नाच्या पत्रिकांची डिझाइन्स करायचे. उरलेल्या वेळात माझं काम. लहरीपुऱ्याच्या बाजारातून जाडं कापड आणायचं, स्वतःच फ्रेमवर ताणायचं, प्राइमर मारायचा. दुपारी किटलीवरचा चहा आणि पैसे बरे असतील त्या दिवशी सेवउसळ. असं चालू असताना अलकापुरीतल्या एका छोट्या गॅलरीने मला सोलो शो दिला. पहिला सोलो! गॅलरीवाल्या मॅडमनी फक्त एक अट घातली – “एक तरी मोठं काम हवं, ज्याच्यासमोर माणूस थांबेल.”

त्या मोठ्या कामासाठी मी बसस्टॉप घेतला. पहाटेचा उजेड, कंपनीच्या बसची वाट बघत उभी असलेली माणसं, सगळी एकाच निळ्या युनिफॉर्ममध्ये, सगळी पाठमोरी. मधोमध पप्पा. घरातला अबोला हेच कारण असेल, पण पप्पांचीच आकृती जमत नव्हती. बाकीची माणसं जिवंत वाटायची आणि हा मधला माणूस नुसता हँगरला लावलेला शर्ट. पुसायचे, परत काढायचे. शो जवळ येत चाललेला. त्यात मनात ही भीती की हा शो पडला तर पप्पांचंच खरं ठरेल. मग कुठल्या तोंडाने स्टुडिओत जायचं?

तर त्या दुपारी मी चित्राकडे पाठ करून पॅलेट खरवडत होते. उकाडा होता, पंखा फुल. बाहेरून हेतलचा आवाज आला, “केम छो अंकल? अंदर छे, जाव ने.” मी वळले तर पार्टिशनपाशी पप्पा उभे.

युनिफॉर्म, गळ्यात आयकार्ड, खांद्याला टिफिनची पिशवी. बसमधून उतरून सरळ आल्यासारखे. मला इतकं दचकायला झालं की मी म्हटलं, “पप्पा! ड्यूटी?”

“हं. आलो जरा,” ते म्हणाले.

माझ्याशी बोलले! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, थेट. त्या आनंदात आणि गडबडीत मला दुसरं काही सुचलंच नाही. मी स्टूलवरच्या चिंध्या बाजूला केल्या. ते बसले. मला ते स्टूल कुरकुरलेलं आठवतं. ते कुरकुरायचंच, कुणीही बसलं की.

ते चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हा मी ना?”

“हो.”

“उजवा खांदा एवढा वर नाही राहत माझा. खाली घे तो.”

मी म्हटलं, “तुमचे खांदे तर सरळच आहेत की.”

“मी सरळ ठेवतो म्हणून सरळ दिसतात.”

हे अगदी साध्या आवाजात. जसं ते आईला सांगायचे, की नळाचा वॉशर गेलाय. मग म्हणाले, “पाणी दे गं.”

पाण्याचा जग शटरच्या अगदी बाजूला होता, हेतलच्या टेबलापाशी. मी ग्लास विसळला, भरला. हेतल मातीत हात घालून बसली होती. माझ्याकडे बघून हसली आणि डोळ्यांनीच विचारलं – बोलले का? तिला घरचं सगळं माहीत होतं. मी हो म्हणून मान हलवली. ग्लास घेऊन आत गेले तर स्टूल रिकामं.

मला वाटलं पार्टिशनच्या मागं, स्टॅक लावलेले कॅनव्हास बघत असतील. तिथं नव्हते. आमची शेड काही राजवाडा नाही, दोन नजरांत संपते. मी हेतलला विचारलं, “पप्पा गेले?” ती म्हणाली, “क्याँथी जाय? आपण दोघी तर दारात.” ती उठून बाहेर जाऊन आली. गल्ली सरळ आहे, दूरवर दिसतं. फक्त एक लोडिंग टेम्पो उभा होता.

आम्ही घाबरलो असं नाही म्हणता येणार. आम्ही एकमेकींना पटवत राहिलो की आपलं लक्ष नसेल, ते निघून गेले असतील, रागावले असतील. पण मग माझ्या मनात भलतंच आलं आणि मी घाईघाईने पप्पांना फोन लावला. प्लांटमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत, तो लॉकरमध्ये वाजत राहिला. आईला लावला. ती म्हणाली, “अगं ड्यूटीवर आहेत ते. का? काय झालं?” मी काही नाही म्हणाले आणि घरी निघाले.

ती संध्याकाळ मी घराच्या गॅलरीत उभी राहून काढली. या ग्रुपवर असल्या गोष्टींचा शेवट कसा होतो ते मी वाचलेलं होतं… माणूस दिसतो आणि मग फोन येतो. पण नेहमीच्या वेळी नेहमीची बस आली आणि पप्पा तिच्यातून उतरले. धडधाकट. हातात कोथिंबीर. माझ्याकडे न बघता आत गेले, चपला काढल्या.

मी विचारलं, “पप्पा, आज दुपारी तुम्ही स्टुडिओत आला होतात?”

त्यांनी आईकडे बघितलं. “तिला म्हणावं, उन्हातून कमी फिर. मी ड्यूटीवर होतो.”

त्यांच्याच डिपार्टमेंटचे दिनेशकाका आमच्या मागच्या सोसायटीत राहतात. मी त्यांच्याकडे गेले, काहीतरी निमित्त काढून. ते म्हणाले, “बेटा, आम्ही दुपारी टिफिन बरोबर खाल्ला. मग बॉयलरवर दोघं होतो. शिफ्टमध्ये गेटबाहेर कोण सोडतं?” म्हणजे अपघात नाही, चक्कर नाही, काहीच नाही. निदान तसं काही झालं असतं तर गोष्टीला शेंडाबुडखा तरी मिळाला असता. तो पप्पांच्या आयुष्यातला एक अत्यंत साधा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले आणि चित्रातला उजवा खांदा खाली घेतला. पटलं म्हणून नाही, बघू तरी म्हणून. मान थोडी वळवावी लागली, पिशवी डाव्या बाजूला गेली. आणि… तो माणूस उभा राहिला. आईशपथ सांगते, ब्रश हातात धरून मी मागं सरकले. इतके दिवस जे जमत नव्हतं ते झालं होतं. ते पप्पा होते.

शोच्या ओपनिंगला आई त्यांना अक्षरशः ओढून घेऊन आली. ते इस्त्रीचा शर्ट घालून, हात मागं बांधून, प्रत्येक चित्रासमोर सारखाच वेळ उभे राहत होते. हेतल लांबून त्यांना बघत होती. तिने त्यांना त्या दुपारच्या आधी कधी पाहिलेलं नव्हतं, फोटोतही नाही; तेव्हा युनिफॉर्म आणि टिफिनची पिशवी बघूनच तिने ओळखलं होतं. ती माझ्या कानाशी म्हणाली, “आ ज हता. हेच.” मग सरळ त्यांच्याकडे गेली. “अंकल, मने ओळखी के नहीं?”

पप्पा गोंधळले. “ना बेटा. तमे?”

तेवढ्यात पप्पा मोठ्या चित्रासमोर आले. मी मागं उभी होते. ते बराच वेळ हलले नाहीत. मग, आईला मध्ये न घालता, मला म्हणाले, “ऋजू, हे तुला कुणी सांगितलं?”

“काय?”

“खांद्याचं.”

मी म्हटलं, “तुम्हीच.”

मग त्यांनी हळू आवाजात जे सांगितलं ते आई आणि मी पहिल्यांदा ऐकत होतो. काही वर्षांपूर्वी प्लांटमधल्या लोखंडी शिडीवरून त्यांचा पाय घसरला होता. खांदा दुखावला. रिपोर्ट केला असता तर बॉयलरवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं असतं, आणि स्टोअरमध्ये बसवलेली माणसं फार दिवस टिकत नाहीत, हे त्यांनी पाहिलं होतं. माझं शिक्षण चालू होतं. म्हणून कुणाला सांगितलं नाही. एका हाडवैद्याकडून बसवून घेतला आणि तेव्हापासून तो खांदा मुद्दाम उचलून धरून चालत राहिले. घरातसुद्धा.

आई तिथंच, गॅलरीत, लोकांसमोर सुरू झाली, “अहो, एवढी वर्षं शेजारी झोपतेय मी! मला वाटायचं सवय आहे कुशीवर झोपायची!” मॅडम धावत आल्या, त्यांना वाटलं चित्रावरून भांडण झालं.

त्या गोंधळात मी पप्पांना त्या दुपारचं सगळं सांगितलं. हेतलनेही सांगितलं. त्यांनी थट्टा केली नाही. नीट ऐकून घेतलं, एकदोन प्रश्न विचारले – कुठून आलो, काय घातलं होतं. शेवटी म्हणाले, “मी आलो नव्हतो.” परत चित्राकडे बघत म्हणाले, “यायला पाहिजे होतं. पण आलो नव्हतो.”

त्यानंतर आईने त्यांना चांगल्या डॉक्टरकडे नेलं. व्यायाम चालू झाले, खांदा पूर्ण सुधारला नाही पण आता ते तो आहे तसा सोडतात. मोठं चित्र दिल्लीच्या एका ग्रुप शोला गेलं आणि तिथून परत आलंच नाही, कुणीतरी घेतलं. मी ते ठेवायचं म्हणत होते तर पप्पा म्हणाले, “एवढं मोठं लावणार कुठं? भिंत आहे का आपल्याकडे?” त्या शोमुळे पुढची कामं मिळाली. लग्नपत्रिका आता मी फक्त मैत्रिणींसाठी करते.

मध्यंतरी एका सुट्टीच्या दिवशी पप्पा खरोखर स्टुडिओ बघायला निघाले. स्कूटरवर, एकटे. बराच वेळ झाला तरी पोचेनात, मग त्यांचा फोन आला. “ऋजू, मी कुठंतरी भलतीकडेच आलोय. इथं सगळ्या शेडा सारख्याच दिसतात.” मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. दोन गल्ल्या सोडून, एका वेल्डिंगच्या दुकानासमोर स्कूटर लावून ते एका माणसाला पत्ता विचारत होते. मी हाक मारली तेव्हा त्यांना केवढं हायसं वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. नाटक करणारा माणूस नाही तो. त्यांना रस्ता खरंच माहीत नव्हता.

मग त्या दुपारी आमच्या शेडमध्ये कोण आलं होतं? हेतल तिच्या परीने काहीतरी सांगते, मला ते पटत नाही, आणि माझ्याकडे तिला सांगण्यासारखं दुसरं काही नाही. पप्पांना विचारलं तर ते म्हणतात, कारण असणारच, आपल्याला सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर जरूर कळवा.