अख्खं पान

एकाच माणसाकडे दहा-बारा वर्षं नोकरी केली, की किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपोआप साठत जातात. आमच्याकडे तर त्यांना साठायला हक्काची जागाही होती, नाना वैद्यांच्या औषधालयाबाहेरचा बाक! रत्नागिरीत मांडवीच्या रस्त्यावर हे औषधालय होतं. मुंबईची बोट बंदराला लागायची आणि चाकरमानी खोकत खोकत उतरायचे, त्या काळातली ही गोष्ट. सन पंचवीस ते पस्तीस म्हणा. लोक औषधासाठी बाकावर बसायचे. खोकला थांबायचा, पण बोलणं काही थांबायचं नाही.

मी तिथे औषधं कुटायला होतो. मी भंडारी, नाना ब्राह्मण. घरात माणसं दोनच, नाना आणि काकू. मूलबाळ नाही. पुढच्या अंगणात काकूंचं तुळशीवृंदावन, तिथे सोवळं कडक. मागच्या परड्यात जांभ्या दगडाच्या आळ्यात चाळीसेक तुळशी होत्या, त्या औषधाच्या. त्या मी लावायच्या, मीच खुडायच्या. पुढची तुळस पूजेची, मागची खोकल्याची. दोन्हींच्या मध्ये घर होतं आणि घरात भांडण होतं!

*

नानांनी मला नोकरीवर ठेवलं तो इंटरव्ह्यू ऐका. माझ्या डोळ्यांवर पंचा बांधला आणि ताटात पाच पानं ठेवून म्हणाले, "धोंडू, वास घे नि सांग."

पहिलं चुरगळलं, तिखट. "काळी, कृष्णतुळस." दुसरं सौम्य. "पांढरी, रामतुळस." तिसरं, "रानतुळस, ही आम्ही डास पळवायला जाळतो." चौथी कापूरतुळस. पाचव्याला मी म्हणालो, "हा सब्जा. बी भिजवून उन्हाळ्यात पितात तो."

पाचही बरोबर! मी खूश होऊन पंचा सोडला. नानांनी विचारलं, "यातली औषधाला उत्तम कोणती?"

"काळी," मी म्हणालो. सगळे तेच म्हणतात.

"चूक. रोग्याच्या दारात उगवलेली उत्तम. ती आणायला कुणाला धावावं लागत नाही." मग खलबत्ता माझ्यापुढे सरकवला. "उद्यापासून ये."

*

मांडवीला एक रिटायर्ड कारकून होते, भाऊसाहेब. धाकटा भाऊ शेजारच्याच घरात राहायचा, पण दोघांत बावीस वर्षांचा अबोला. कशावरून, ते दोघांनाही नीट आठवत नव्हतं. भाऊसाहेबांना खोकल्यासकट ताप भरला. नाना आणि मी गेलो. नानांनी रस काढायला म्हणून पिशवीतून तुळशीची ताजी पानं काढली आणि त्यांच्या अंथरुणाशेजारीच ठेवली.

भाऊसाहेबांनी पानं बघितली. मग नानांकडे बघितलं. मग हात जोडले!

आपल्याकडे आजाऱ्याच्या उशाशी तुळशीचं पान कधी येतं, ते कुणाला सांगायला नको. सुनेनं हंबरडा फोडला. कुणीतरी गंगेचा गडू शोधायला माळ्यावर चढलं. "अहो, हे खोकल्यासाठी आहे!" असं नाना ओरडत होते, पण त्या गलक्यात ऐकतंय कोण! भाऊसाहेब क्षीण आवाजात म्हणाले, "अण्णाला बोलवा." धाकटा भाऊ अण्णा धावत आला. दोघं गळ्यात गळा घालून रडले आणि बावीस वर्षांच्या भांडणावर तुळशीपत्र ठेवून मोकळे झाले. मीही डोळे पुसले, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पंधरवड्यानं भाऊसाहेब काठी टेकत आमच्या बाकावर आले. तोंड कडू. "नाना, काय हे करून ठेवलंत! मरतोय म्हणून बोललो त्याच्याशी. आता रोज सकाळी येतो चहाला!"

सगळे हसले. नाना हसले नाहीत. भाऊसाहेब गेल्यावर मला आत बोलावून म्हणाले, "धोंडू, ते पान बघितल्यावर त्यांची नाडी बघितलीस? एकदम खाली गेली. माणूस त्या भीतीनंच गेला असता. आजपासून रस इथून काढून न्यायचा, मध घालून. अख्खं पान मी कुठल्याही रोग्याला माझ्या हातानं देणार नाही."

आणि तो नेम त्यांनी पाळला. जाणाऱ्या माणसाच्या तोंडात पान ठेवायची वेळ आली, की नाना गुपचूप ओटीवर येऊन बसायचे. ते काम घरच्यांचं, वैद्याचं नाही, असं म्हणायचे.

*

काकूंचेही नेम होते. रविवारी तुळस तोडायची नाही, द्वादशीला नाही, दिवेलागणीनंतर तर नाहीच. हे नेम परड्यातल्या तुळशींनाही लागू!

एका द्वादशीला राजिवड्याहून एक बाई पोराला घेऊन आली. पोर खोकून खोकून निळं पडलं होतं. नाना म्हणाले, "धोंडू, पानं." मी परड्याच्या दारात गेलो, तर काकू उंबऱ्यात उभ्या.

"आज द्वादशी."

"रोगाला तिथी कळते होय?" नाना आतून गरजले.

"रोगाला नाही कळत, वैद्याला कळायला नको? पंचांग भिंतीवर टांगलंय." असं म्हणून काकूंनी पदराआडून ओल्या फडक्याची पुरचुंडी काढली. आत पानं होती. "काल एकादशीला सकाळीच तोडून ठेवली. दर एकादशीला ठेवत्ये. तुमच्या लक्षात यायला पोराला खोकावं लागलं."

"कालची पानं? शिळी?"

"तुळस शिळी होत नाही," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

नानांनी कुरकुरत रस काढला. पोराला दिवसातून तीनदा पाजला. चार दिवसांत पोर बाकाखाली खेळायला लागलं. नाना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "कालच्या पानांनीही गुण येतो हो. पण हे हिला सांगू नको!"

*

आता हा किस्सा हसायचा नाही.

आषाढातलं वादळ होतं. मी अंगणातून जात असताना वृंदावनातल्या तुळशीची आधाराची काठी मोडली आणि पुरुषभर उंच झालेली तुळस कलायला लागली. मी धावलो. दोन्ही हात पुढे केले आणि तसाच थांबलो. माझा हात तिला लागायचा नव्हता. वृंदावनाला मी कधीच शिवलो नव्हतो. मी नुसता ओरडलो, "काकू! काकू!"

काकू बाहेर येईपर्यंत तुळस मुळापासून मोडून पडली. माझे हात अजून तसेच, वीतभर अंतरावर.

"धरली नाहीस?" काकूंनी विचारलं.

"तुमचं सोवळं..." मी म्हणालो.

काकू पावसात उभ्या राहिल्या. मला अजून वाटतं, मी धरायला हवी होती. त्यांनाही तेच वाटलं असणार.

पाऊस ओसरल्यावर त्यांनी माझ्या परड्यातलं एक रोप स्वतः उपटून नेलं आणि वृंदावनात लावलं. नानांना चेष्टा करायला विषय मिळाला. "म्हणजे आता रोज धोंडूच्या हातच्या तुळशीला प्रदक्षिणा!"

"मातीत रुजलं की ते कुणाच्या हातचं राहत नाही," काकू म्हणाल्या.

*

त्या तुळशीचं लग्न कार्तिकात थाटात व्हायचं. ऊस, चिंचा, आवळे, अंतरपाट, सगळं. कन्यादानाला नाना आणि काकू. एका वर्षी शेजारची एक बाई सगळ्यांदेखत म्हणाली, "वर्षाला एक लेक उजवता, पण म्हातारपणी पाणी द्यायला कोण हो तुम्हाला?"

नानांच्या हातातल्या अक्षता तशाच राहिल्या. काकूंनी बाईच्या हातावर प्रसादाचे चुरमुरे ठेवले आणि म्हणाल्या, "बघू. सोय करू काहीतरी."

मला वाटलं, वेळ मारून नेली. तसं नव्हतं.

*

शेवटचा सांगतो आणि उठतो.

काकू आजारी पडल्या. ताप हटेना, छाती भरलेली. नाना दिवसातून चार वेळा रस काढायचे, आल्याचा, मिऱ्याचा काढा करायचे. खलबत्ता मला हात लावू देत नव्हते. सरकारी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तपासलं आणि नानांना ओटीवर घेऊन गेले. परत आल्यावर नाना पुन्हा कुटायला बसले. पंधरा दिवस तेच. कुटताना तोंडानं म्हणायचे, "उतरेल. उद्या उतरेल."

एकादशीच्या सकाळी नाना अंघोळीला गेले असताना काकूंनी मला हाक मारली. "धोंडू, वृंदावनातली दोन पानं आण. परड्यातली नको."

"मी? वृंदावनातली?"

"तूच. नख लावू नको."

मी पहिल्यांदाच वृंदावनाला हात लावला. मी पानं आणली. त्यांनी ती पितळेच्या छोट्या डबीत ठेवली आणि डबी उशीखाली सारली. "ह्यांना बोलू नको," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना रसाची वाटी घेऊन आले. काकूंनी मान फिरवली.

"घे गं. एवढंच घे. मध घातलाय."

"पुरे झाला रस," काकू म्हणाल्या. "आता अख्खं द्या."

नानांनी वाटी खाली ठेवली. "मी देत नाही, तुला ठाऊक आहे. आणि आज द्वादशी आहे. तोडायची नाही ना? तुझाच नेम ना?" इतकी वर्षं ज्या नेमावरून भांडले, तोच नेम नाना लहान मुलासारखे पुढे करत होते. ते ऐकवत नव्हतं.

"काल तोडून ठेवलंय," काकू म्हणाल्या. "उशीखाली बघा."

नानांनी डबी काढली, उघडली.

"दोन कशाला?"

"एक तुमचं."

"माझं?"

"मी नसणार तेव्हा. तुम्हाला कोण देणार?" त्यांना धाप लागली. जरा थांबल्या. "तुळस शिळी होत नाही."

नाना खाली बसले. काकूंनी मला हातानं जवळ बोलावलं. मी सवयीनं वीतभर लांब थांबलो.

"अजून पुढे ये," त्या म्हणाल्या.

मी अंथरुणाला टेकून बसलो. नानांनी एक पान उचललं, पुसलं आणि स्वतःच्या हातानं काकूंच्या जिभेवर ठेवलं. अख्खं. मग डबी मिटली आणि माझ्या हातात दिली.