उपडा कप

"विमलबाई फार गोड बोलायच्या," असं शोकसभेत एक साहेब म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं. गोड? मुकुटबनजवळच्या तांड्यावरची आमची आशा कार्यकर्ती विमल तापाने गेली, त्याला महिना होतोय... पण तिच्या नावावर असली साखरपेरणी मी चालू देणार नाही. "ही बाई पोरीबाळींच्या डोक्यात नको ते भरवते," अशी तिची तक्रार ज्यांनी केली होती, तेच पुढच्या रांगेत हार घेऊन बसले होते.

नको ते म्हणजे काय, तर एक प्रश्न. विमल घरोघर जायची, चहा प्यायची, कप बशीत उपडा ठेवायची आणि सरळ विचारायची, "मरावंसं वाटते काय तुले?" कप उपडा अशासाठी की, बोलणं अवघड झालं की आपल्याकडची माणसं "अजून चहा मांडते" म्हणत आत पळतात. मग हूं की चूं न करता ती बसून राहायची.

तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीचं, मंदाचं, बाळ गेलं. ती माझ्याकडे राहायला आली. जेवायची, कामं करायची, हसायचीसुद्धा. मी पडले शिक्षिका, मला सगळं कळतं! "सावरली पोर," असं मी गावभर सांगत होते. विमलने तिला तो प्रश्न विचारला तेव्हा मी ओरडले, "काहून असं अभद्र बोलून राह्यली? ऊठ, निघ माझ्या घरातून!"

विमल ढिम्म हलली नाही. "मॅडम, विचारल्यानं कोनी मरत नाही. तुमी बसा चुपचाप."

आणि मंदा म्हणाली, "हो..."

विमलनेच तिला यवतमाळला दवाखान्यात नेलं, डॉक्टरांसमोर बसवलं. गोळ्या सुरू झाल्या, तरी दर आठवड्याला येऊन पुन्हा तोच प्रश्न. मंदा आज आहे ती त्यामुळे. मी मात्र विमलची माफी मागितली नाही. मागू, मागू म्हणत राहिले.

शोकसभेत हे सांगायला उभी राहिले, तर "मॅडम, आज अभद्र नको," म्हणून मला खाली बसवलं. माझाच शब्द! तेव्हापासून मी भांडतेच आहे, शाळेत, घरात, भाजीवालीशीसुद्धा. परवा मंदा आली. चहा झाला. मी त्या साहेबांचा पुन्हा उद्धार करत होते, तोच तिने कप उपडा ठेवला.

"ताई, मरावंसं वाटते काय तुले?"

"अजून चहा मांडते," म्हणत मी उठले. तिने हात धरला. बसले.

"नाही वं," म्हटलं, "पण झोप येत नाही..." आणि महिन्याभरात पहिल्यांदा रडले. मंदा हूं की चूं न करता बसून होती.