तोंडी लावायला जपान

आमच्या वळ गावातली भातशेती गेली आणि तिथे गोदामं उभी राहिली, त्या दोन हजारनंतरच्या वर्षांत गावातल्या बऱ्याच पुरुषांचा धंदा खुर्ची हा होता. गोदामाच्या गेटपाशी प्लास्टिकची खुर्ची टाकायची आणि आत येणारे ट्रक नीट येतात का ते बघायचं. ट्रक नीटच यायचे. माझे बाबा सकाळ-संध्याकाळ या कामात गढलेले असत आणि मधल्या वेळात जेवत. तांदळाच्या भाकऱ्या, तवंग आलेला रस्सा, तळलेली मासळी, आणि तोंडी लावायला पुन्हा मासळीच, पण सुकी.

मग एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. ठाण्याच्या हॉस्पिटलात चार-पाच दिवस काढावे लागले. निघताना डॉक्टरांनी मला आणि आईला बाजूला घेतलं. तेल जवळजवळ बंद, मीठ कमी आणि मटणाचं तर नावच नको. "ऐकलं नाही तर पुढच्या वेळी माझ्या हातात काही नसेल," असं ते अगदी शांतपणे म्हणाले. आईने औषधांची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

बाबा रिक्षातच बोलले. "गावात कोनाला सांगाचा न्हाय."

"मंग काय सांगाचा?" आईने विचारलं.

"लग्नाला गेलतू सांग."

त्यांचंही एका अर्थी बरोबर होतं. आमच्याकडे आजारी माणसाला गाव भेटायला येत नाही, बघायला येतं. खाटेशेजारी बसतं, शहाळं ठेवतं आणि याच दुखण्याने कोण कोण गेलं त्याची उजळणी करून उठतं. आणि बाबा म्हणजे हळदीच्या पंगतीत शेवटपर्यंत मांडी न मोडणारा माणूस. त्या माणसाला कोणी "जपून हां" म्हटलेलं त्यांना चाललं नसतं. घरात पाऊल टाकतोय तोच शेजारचे काका आले. ते बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त आणि गेटवरच्या दुसऱ्या खुर्चीचे मालक. लग्नात जेवायला काय होतं, हा त्यांचा पहिला प्रश्न. चार दिवस उकडलेला दुधी खाऊन आलेल्या बाबांनी जिलेबीचं असं वर्णन केलं की काकांना तोंड पुसावं लागलं.

खरी पंचाईत जेवणाची झाली. आईने बिनतेलाची भाजी पुढे ठेवली की बाबा ताट सरकवत. "हा आजाऱ्याचा जेवन हाय. मी आजारी हाय का?" या प्रश्नाला 'हो' म्हणायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती. दोन दिवस ते चहा-बिस्किटांवर राहिले. तिसऱ्या दिवशी आईने गुपचूप बोंबील तळायला घेतला आणि मी तिच्या हातातून झारा ओढून घेतला. दोघींची चांगलीच जुंपली. "उपाशी मारू का त्यांना?" असं ओरडून ती रडायलाच लागली.

तेव्हा मला हॉस्पिटलातल्या बाकावर वाचलेलं मासिक आठवलं. त्यात एक पान होतं, घरच्या घरी करता येतील अशा जपानी तोंडीलावण्यांचं. वेळ जाईना म्हणून मी ते दहादा वाचलं होतं आणि शेवटी फाडून पर्समध्येही टाकलं होतं. उकडलेला पालक, पिळलेली काकडी, वाफवलेलं वांगं, किसलेला मुळा. डॉक्टर जे ओरडून सांगत होते तेच, पण शेजारी सुंदर फोटो.

त्या दुपारी मी बाबांसमोर चार छोट्या वाट्या ठेवल्या.

"ह्या काय?"

"जपानी."

बाबांनी वाट्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "जपानी मान्सा ह्या खातान?"

"रोज."

"मंग आन."

आजाऱ्याचं ते खाणार नव्हते, पण परदेशी म्हटल्यावर त्यांना नाही म्हणवेना. आमच्या पंचक्रोशीत चायनीज सगळ्यांनी खाल्लं होतं. जपानी अजून कोणी खाल्लं नव्हतं.

मग आमच्या स्वयंपाकघरात जपान सुरू झाला. पालक उकळत्या पाण्यात एक बुचकळी, लगेच गार पाण्यात, मग घट्ट पिळून कापायचा आणि वर भाजलेल्या तिळाचा कूट. काकडीचे कागदासारखे काप, चिमूटभर मीठ चोळून पिळायचे आणि वर व्हिनेगर. वांगं वाफवून, बोटांनी फाडून, त्यावर आलं आणि सोया सॉसचे चार थेंब. सॉसच्या पहिल्या बाटलीसाठी मी धामणकर नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवर गेले होते. गाडीवाला म्हणाला, "सिर्फ सॉस? साथ में क्या लोगे?" मी म्हटलं, "घर में पालक है." त्याने माझ्याकडे इतक्या दयेने बघितलं की वर दोन पुड्या शेजवान चटणी तशीच दिली.

आईचं मन मात्र वळेना. भाजीला फोडणी नाही हे तिला पाहुण्याला पाणी न विचारण्यासारखं वाटे. किसलेला मुळा बघून म्हणाली, "ही तर कोशिंबीर. दही घालाला इसरले ते." एकदा मी कॉलेजातून आले तर जपानी पालकाला लसणीचा वास. विचारलं तर म्हणाली, "कढई तापली व्हती, पडला लसून." जपान्यांबद्दल तिचं मत सुधारलं ते त्या पानावरचा एक मजकूर मी मोठ्याने वाचल्यावर. जपानी घरांत भोपळा शिजवतात तो सुक्या मासळीच्या पाण्यात. आई थांबली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "सुकी मासली खातान? मंग मान्सा बरी हायेत." त्या दिवसापासून मीठ न लावलेली मूठभर सुकट उकळून, गाळून, त्या पाण्यात ती भोपळा स्वतः शिजवू लागली. फोडणीशिवाय. बाबांनी वाटी पुसून खाल्ली आणि मला एवढा आनंद झाला की मी मोरीत जाऊन रडले.

पण बाबा खाऊन गप्प बसणारे नव्हते. गेटवरच्या खुर्चीत बसून ते जपान सांगू लागले. जपानी माणूस ताठ का चालतो, त्याचं पोट का सुटत नाही, तो वांग्याला फोडणी का देत नाही. ठाण्याच्या पलीकडे न गेलेल्या माणसाने जपानच्या इतक्या गोष्टी सांगितल्या की ट्रकवाले गाडी बंद करून ऐकत. शेवटी काका म्हणाले, "दादूस, एकटाच खातंस. आमाला कवा?" आणि बाबांनी त्यांना रविवारचं आमंत्रण देऊन टाकलं. दिघाशीहून माझा मामाही येणार होता. तो शेतकरी, तेव्हा पालक आणि काकड्या त्याच्याच.

आईने कपाळाला हात लावला. "पावन्यांना पाला वाढू? गाव थुंकंल माज्यावर." मी खूप समजावलं. ती एका वाक्यात म्हणाली, पाहुण्यांसाठी मटण होणार, बाबांसाठी तुझा जपान. बाबांच्या नाकासमोर मटणाचं पातेलं ठेवायचं म्हणजे काय, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. पण पंगतीत नुसत्या काकडीवर उठवलेला पाहुणा आमच्याकडे अजून जन्माला यायचा होता.

रविवारी दुपारी तिघे मांडी घालून बसले. मी वाट्या मांडल्या. काकांनी पालक जिभेवर ठेवला आणि परीक्षेला बसल्यासारखे डोळे मिटले. "चांगला हाय," ते म्हणाले आणि दारातून येणाऱ्या वासाकडे वळून बसले. मामाने स्वतःच्याच शेतातली काकडी उचलून ओळख पटते का ते पाहिलं. मग आईने मटण आणलं आणि दोघांचे चेहरे उजळले. बाबांच्या ताटाशी आई थांबली नाही, पुढे गेली.

"अवो वयनी, यांना?" काका ओरडले.

"मी जपानीच खातंय," बाबा म्हणाले. त्यांनी वांग्याचा एक धागा उचलला आणि तो सावकाश, फार सावकाश चावला. समोर काका नळी फोडत होते. बाबांच्या कपाळावर घाम आला होता. मी दाराला धरून उभी होते. त्यांच्या हाताकडे बघत होते, आणि मला एकच वाटत होतं, हा हात त्या पातेल्याकडे जाऊ नये.

आणि काकांनी तेच केलं जे आमच्याकडे कोणीही केलं असतं. भाकरीच्या तुकड्यात मटणाची फोड गुंडाळली आणि हात बाबांच्या तोंडाशी नेला. "माज्या हातचा येक घास. शपथ हाय तुला."

दोस्ताच्या हातचा घास नाकारायचा नसतो. हळदीत, साखरपुड्यात, वैर मिटवताना, घास भरवला की तोंड उघडायचं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. बाबांचं तोंड थोडं उघडलंही. 

बाबांनी काकांचं मनगट धरलं. "नको रं," ते म्हणाले. "मना जगाचा हाय."

रस्सा काकांच्या कोपरापर्यंत ओघळला, तरी हात तिथेच. "काय झाला?"

"अटॅक आल्ता. तवा ठाण्याला हॉस्पिटलात व्हतू."

"म्हंजे लगीन न्हवता?"

"न्हाय."

काकांनी मनगट सोडवून घेतलं. मग एकदम भडकले. "आनि जिलेबीचा सांगत व्हतास मना! मी इथं खुर्चीव बसून ट्रक मोजतंय, आनि तू तिथं मरतंस!" त्यांनी घास ताटात टाकला, हात धोतराला पुसला, आणि काकडीची वाटी रागाने स्वतःकडे ओढली. दोन काप तोंडात कोंबून म्हणाले, "मना बी प्रेशर हाय. घरात ठावं न्हाय."

मामा खाली बघत होता. "मना साखर," तो म्हणाला.

आईने पातेल्यावर झाकण ठेवलं. "बोलाचा व्हता ना मेल्यांनो," एवढंच म्हणाली आणि मला डोळ्यांनी खुणावलं, काकडी कमी पडते आहे. मी आत जाऊन विळीवर बसले. बाहेर वाट्या सरकत होत्या. मग काकांचा आवाज आला, इतका हळू की तो त्यांचाच आहे हे मला क्षणभर कळलं नाही.

"दुखला का रं खूप?"

आम्ही हॉस्पिटलात हेच रोज विचारत होतो. डॉक्टरही विचारत होते. प्रत्येक वेळी बाबा म्हणाले होते, काही नाही, गॅस आहे.

"लय रं," बाबा म्हणाले. "वाटला, आता तुजी गाठ न्हाय पडत."