लोखंडे बाईंचा ‘आ’

लोखंडे बाई भांडी घ्यायला निघाल्या की मी शक्यतो सोबत जात नसे. दुकानात त्या एक पातेलं उचलायच्या, बोटाच्या पेरानं त्यावर टकटक करायच्या आणि कान लावून ऐकायच्या. मग दुसरं, मग तिसरं. दुकानदार वैतागून म्हणायचा, “बाई, भाजी करायचीय का भजन?” बाई शांतपणे सांगायच्या, “भाजी कशातही होते हो. पण हे रोज माझ्या कानाशी आपटणार आहे.” शेवटी त्या जे पातेलं घ्यायच्या, ते मला तरी बाकीच्यांसारखंच वाटायचं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी कर्जतहून नगरला मुलींच्या शाळेत गणित शिकवायला आले होते. पहिलीच नोकरी. लोखंडे बाई तिथे विज्ञान शिकवायच्या. उंच, सडपातळ, पांढरं पातळ, आणि पर्समध्ये रुमालाशेजारी स्क्रू ड्रायव्हर. माझ्याशी त्यांचं पहिलं बोलणं झालं ते शिक्षकखोलीतल्या पंख्याबद्दल. “तुला ऐकू येतंय का गं, हा पंखा गंधारात रडतोय?” मी घाबरून ‘हो’ म्हटलं. त्या दिवसापासून त्यांनी मला कानाचं माणूस समजून पदरात घेतलं.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. चर्चमागच्या दोन खोल्यांच्या घरात त्या आणि त्यांचे थोरले भाऊ यशवंतराव राहायचे. यशवंतराव चर्चच्या गायन मंडळाचे प्रमुख. प्रत्येक गीताआधी ते नुसता ‘आ’ लावायचे आणि मंडळ तो उचलायचं. सूर काय, पेटीही देते; पण पेटीवर लोक आपापल्या मर्जीनं सुरू व्हायचे. यशवंतरावांच्या ‘आ’नं मात्र सगळ्यांची तोंडं एकाच आकारात उघडायची, असं बाई सांगायच्या. मी तो कधी ऐकला नाही. मी येण्याच्या आदल्या वर्षी पुण्याला त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. तेव्हापासून ते पाटीवर लिहून बोलायचे. सुरुवातीला चर्चमध्ये येऊन मागच्या बाकावर बसायचे, मग तेही सोडलं. दिवसभर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे.

“माणूस आजारानं मरत नाही, असा पडून मरतो,” बाई म्हणाल्या. “मी त्याला ‘आ’ करून देणार आहे.”

मला वाटलं, बोलण्याची एक पद्धत. पण बाईंनी कपाटातून एक परदेशी मासिक काढलं. कुणा ओळखीच्यांनी अमेरिकेहून आणलेलं. त्यात टेलिफोन एक्सचेंजसारख्या दिसणाऱ्या यंत्राचा फोटो होता. पुढून नुसत्या वायरी लोंबत होत्या. “याला सिंथेसायझर म्हणतात. यातून कुठलाही आवाज काढता येतो म्हणे. आपल्याला कुठलाही नकोय, एकच हवाय.”

मग आमचे रविवार भंगारबाजारात जाऊ लागले. लष्करी छावणीच्या लिलावातलं सामान तिथे ढिगानं मिळायचं. ट्रान्झिस्टर, कॉइल, कंडेन्सर, मोडक्या रेडिओंची बटणं. एका फुटक्या पेटीच्या पट्ट्या मिळाल्या, जुन्या रेडिओचं लाकडी खोकं मिळालं. बाई डिंक वापरावा तशा सहजतेनं सोल्डरिंग करायच्या आणि करता करता मला शिकवायच्या.

“हे बघ, गळा काय करतो? नुसता भुणभुणतो, गांधीलमाशीसारखा. त्याचा ‘आ’ करतं ते तोंड. तोंड काही सूर अडवतं, काही पुढे सोडतं. म्हणजे गाळणीच झाली की नाही? आपणही तेच करायचं.”

गांधीलमाशी लवकर जमली. गाळण्या, म्हणजे फिल्टर, बाईंनी दोन केल्या. एक खालचे, घुमणारे सूर राखणारी, दुसरी वरचे, उजळ सूर राखणारी. पहिलीतून निघालेला आवाज दुसरीत सोडला आणि पट्टी दाबली. विझत्या स्टोव्हसारखा एक सुस्कारा आला. जोडण्या तपासल्या, कॉइल बदलल्या. पुन्हा सुस्कारा. असे कितीतरी रविवार गेले. खाटेवरून यशवंतराव पाटी वर करायचे. त्यावर लिहिलेलं असायचं, ‘मेलं का?’

“पड तू गुपचूप,” बाई म्हणायच्या. पण भावानं निदान कूस बदलली, हे त्यांच्या लक्षात आलेलं असायचं.

एके दिवशी मी सातवीला अपूर्णांक शिकवत होते. दारात लोखंडे बाई उभ्या. हातात खडू, पदरावर खडूची भुकटी.

“शालिनी, आपण दोघी गाढव आहोत.”

सातवीच्या मुलींना त्या वर्षात एवढा आनंद दुसऱ्या कशानं झाला नसेल. मी घाईनं व्हरांड्यात आले. बाई शेजारच्या नववीत विजेचे दिवे शिकवत होत्या. एकामागे एक जोडलेले दोन दिवे फळ्यावर काढले, आणि एका मुलीनं विचारलं, “बाई, असे जोडले की दोन्ही मंद का होतात?” तिला उत्तर द्यायचं सोडून बाई थेट माझ्याकडे आल्या होत्या.

“पहिली गाळणी वरचे सूर फेकून देते. मग दुसरीला आपण म्हणतोय, वरचे सूर दे. ती बिचारी कुठून देणार? वायरीला दोन फाटे फोडायचे. दोघींना शेजारी शेजारी बसवायचं आणि कच्चा आवाज दोघींना वेगवेगळा द्यायचा. मग दोघींचं बाहेर एकत्र करायचं. दरवर्षी मी हे पोरींना शिकवते आणि घरी जाऊन विसरते.”

“बाई, तुमचा वर्ग,” मी म्हटलं.

“हो, तिला सांगायचंच राहिलं,” म्हणत त्या परत गेल्या.

त्या रविवारी बाईंनी पट्टी दाबली आणि खोक्यातून ‘आ’ आला. माणसाचा म्हणता आला नसता, पण ‘आ’च. यशवंतराव उठून बसले, थोडा वेळ ऐकत राहिले आणि पाटीवर लिहिलं, ‘बोकड.’

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी एक बटण जरासं फिरवलं. “आता?”

‘आजारी बोकड.’

“मग तूच कर,” म्हणून बाईंनी सोल्डरिंगचं सामान बाजूला ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली. मी मागोमाग गेले. बऱ्याच वेळानं बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी उठले, तशी बाईंनी पिठाच्या हातानंच माझं मनगट धरलं. “जाऊ नकोस.”

दुपारभर आम्ही आतून ऐकत होतो. ‘ओ’ झाला, ‘ए’ झाला, बदक झालं. मधेच खाकरल्यासारखं काहीतरी झालं. पोळ्या होत आल्या होत्या, तेव्हा एक ‘आ’ आला. गोल, संथ, कुठेही न टोचणारा. बाईंचं लाटणं थांबलं.

“त्यांचा असाच होता?” मी हळूच विचारलं.

“छे. दादाचा जाड होता. हा कुणाचाच नाही.” त्यांनी लाटणं पुन्हा फिरवलं. “बरा आहे पण.”

आम्ही बाहेर आलो तेव्हा पाटीवर लिहून ठेवलं होतं, ‘मी नाही हा. पण चालेल.’

आता प्रश्न होता चर्चचा. पाळकसाहेबांची हरकत नव्हती, पण मंडळीतले वडीलधारे काळोखेकाका अडून बसले. ते मूळचे काष्टीकडचे, शेती तिकडेच. खोकं बघून म्हणाले, “देवळात रेडू कशाला आणताय? उद्या बातम्या लावचाल.”

“बातम्या नाही लागत काका त्याच्यावर. फक्त ‘आ’ लागतो.”

“दाखवा बरं.”

यशवंतरावांनी पट्टी दाबली. काळोखेकाकांनी टोपी काढून हातात घेतली. यशवंतरावांच्या बोटांकडे बघत त्यांनी विचारलं,

“आन् मधीच लाईट गेली म्हंजी?”

दुष्काळाचे दिवस, वीज कधीही जायची.

“माझ्या ट्रॅक्टरची बॅटरी हाय,” काका म्हणाले. “चालंल का?”

नाताळच्या उपासनेला मी पहिल्यांदा चर्चमध्ये गेले. खोकं पुढे टेबलावर, टेबलाखाली बॅटरी, बॅटरीशेजारी काळोखेकाका. पहिला ‘आ’ आला तेव्हा पुढच्या बाकांवरची पोरं फिदीफिदी हसली. यशवंतरावांनी तिकडे लक्ष दिलं नाही. उजवा हात पट्टीवर ठेवून डावा वर केला आणि मंडळाची तोंडं उघडली. लाईट गेलीच नाही. काळोखेकाकांना त्याचं थोडं वाईट वाटलं असावं. लोखंडे बाई भावाकडे बघतच नव्हत्या. त्या गाणाऱ्यांची तोंडं बघत होत्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

त्यानंतर काही वर्षं यशवंतरावांनी त्या खोक्यावर मंडळ चालवलं. तालीम चुकली की पाटीवर अपमान लिहायचे, आणि लोक तो एकमेकांना वाचून दाखवायचे. माझी बदली कर्जतला झाली. एका उन्हाळ्यात यशवंतराव झोपेतच गेल्याचं कळलं, तशी मी नगरला भेटायला गेले.

मला वाटलं होतं, खोकं स्वच्छ कापड घालून कोपऱ्यात ठेवलेलं असेल. ते टेबलावर होतं, आणि बाई स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याचं झाकण काढत होत्या.

“बाई, अहो हे काय?”

“शाळेला देतेय. प्रयोगशाळेला कॉइल हव्यात.” त्यांनी वर पाहिलं नाही. “बटणं त्यानं लावली तशीच आहेत. हे घरात ठेवलं तर मी रोज पट्टी दाबून ऐकत बसेन. मी मला ओळखते.”

त्यांनी झाकण बाजूला ठेवलं. मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, “एकदा लावू?”

“लावा.”

‘आ’ आला. बाईंनी पट्टी बराच वेळ दाबून धरली. मग सोडली, आणि हात लगेच बटणांवर नेऊन दोन्ही बटणं शून्यावर आणली. स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला.

“मागचे स्क्रू तू काढ. मी चहा टाकते.”

मी स्क्रू काढायला घेतले. ते गंजले होते, वेळ लागला. आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला, पण स्टोव्हचा आला नाही. मी सगळे स्क्रू काढून वाटीत ठेवले आणि तिथेच बसून राहिले. बाईंना हवा तेवढा वेळ घेऊ दिला.