रणकेतूचा घास

पापडाच्या डब्यात तळाशी तुकडे साठतात ना, तशा आमच्या गल्लीतल्या गोष्टी. पानात वाढता येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. मी सातवीपर्यंतच शिकले, त्यामुळे डोक्यात अजून बरीच जागा आहे. रणकेतू मेला त्या आठवड्याचे तुकडे तर मी वेगळेच जपून ठेवलेत.

रणकेतू म्हणजे तेव्हा रविवारी सकाळी टीव्हीवर यायचा तो राजपुत्र. उडता घोडा, चमकणारी तलवार, आणि अंगावर इतके दागिने की लढताना एखादा पडेल याचीच मला काळजी. पंचवटीतल्या आमच्या गल्लीत रंगीत टीव्ही एकट्या मंदाताईंकडे. आम्ही सगळे त्यांच्या फरशीवर, आणि माझी चार वर्षांची सोनू सगळ्यांच्या पुढे.

ही सोनू जेवायची नाही. काऊचा घास, चिऊचा घास झाला की तोंड मिटून घ्यायची. मनगटं तर अशी की बांगडी कोपरापर्यंत जायची. मग मी एकदा "हा घास रणकेतूचा" म्हटलं आणि पोर वाटीभर भात खायला लागली. दृष्ट लागेल म्हणून मी कुणाला बोललेही नाही.

आणि एका रविवारी मांत्रिकाने त्याला बाण मारून दरीत पाडलं.

* * *

पहिल्या उठल्या त्या माझ्या सासूबाई.

"मंदे, बंद कर ते. अन् डोक्यावरून अंघोळ कर. तुझ्या घरात गेला तो."

"मावशी, टीव्हीतला आहे तो."

"मग टीव्ही कोणाच्या घरात हाय?"

ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटत नाही, शेजारच्यांनी जेवण पोचवायचं असतं. बायकांनी रीतीप्रमाणे पिठलं-भाकरी पोचवली. मंदाताईंनीही डोळ्यांना पदर लावून ती ठेवून घेतली. दोन दिवस त्यांच्याकडे काही शिजलं नाही. दुःख मोठंच होतं. शिवाय सिलिंडरही संपला होता.

* * *

मंदाताईंचे मिस्टर, बापू, सातपूरला कंपनीत फोरमन. मशीन समजणारा माणूस, तो असा कसा विश्वास ठेवील?

"अँटेना हलला असेल," म्हणाले आणि थेट एसटीडी बूथवर गेले. बहीण नांदगावला दिलेली. तिला विचारलं, "तुमच्याकडे पण मेला का?"

परत आले ते हसतच.

"नांदगावला लाइट गेले होते. तिथे तो अजून जिवंत आहे."

* * *

त्याच संध्याकाळी मी सोनूपुढे वाटी धरली. "हा घास रणकेतूचा."

"तो मेला. मेलेला माणूस जेवतो का?"

मग काऊचाही नाही, चिऊचाही नाही. दुधाचे दोन घोट, बस. दुसऱ्या दिवशी तिला कडेवर घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी जीभ बघितली, पोट दाबलं, टॉनिक लिहून दिलं.

"भूक लागली की खाईल. मुलं उपाशी राहत नसतात."

डॉक्टरांना स्वतःचं मूल नव्हतं, त्यामुळे त्यांना मुलांची फार माहिती. मी दारापर्यंत आले तर त्यांनी मागून हाक मारली. आता काहीतरी मोठं दुखणं सांगणार.

"वहिनी, त्या दरीत एक झाड होतं बघा. मला वाटतं तो फांदीला अडकला."

* * *

शेवटी सासूबाईंनीच उपाय काढला. "त्याची इच्छा राहिली हाय. त्याचा घास कावळ्याला ठेवा, पोरगी जेवल."

समोरचे गुरुजी गोदाघाटावर दहाव्याचे विधी करायचे. ते भडकलेच. "दहावं दहाव्या दिवशी असतं. आणि गोत्र काय त्याचं?"

"मुकुट होता," मंदाताई म्हणाल्या. "क्षत्रियच असणार."

"अन् त्या मुंबईच्या पाहुण्यांच्या बापाचं तिसऱ्याच दिवशी उरकलं ते?" सासूबाई म्हणाल्या. "त्यांची गाडी सुटत होती. आमची पोर उपाशी हाय."

गुरुजींनी मंत्र म्हणायला साफ नकार दिला. मंदाताईंच्या गच्चीवर मात्र आमच्या आधी येऊन उभे. नुसतं बघायला.

पत्रावळीवर भात ठेवला. कावळा आला आणि अँटेनावर बसून राहिला. आमच्याकडचे कावळे घाटावर जेवून माजलेले, साध्या भाताला बघत नाहीत. कावळा शिवला नाही तर घरच्यांनी मेलेल्याची इच्छा पुरी करायचा शब्द द्यायचा असतो. आता घरचे म्हणजे आम्हीच.

"बाबा, तुझ्या आईला अंतर देणार नाही," सासूबाई म्हणाल्या. कावळा ढिम्म.

"त्या मांत्रिकाचं वाटोळं होईल," मंदाताई.

"राजकन्येला चांगल्या घरी देऊ," बापू.

"राज्य सांभाळू म्हणा," गुरुजी हळूच म्हणाले.

मला राज्याचं काही नव्हतं. मी पोरीच्या मनगटांकडे बघत होते. तीच पुढे गेली आणि मान वर करून म्हणाली, "तुझा घास मी खाईन."

कावळा खाली उतरला, चोच मारली आणि उडाला.

त्या दुपारी सोनू भात जेवली. दुधी भोपळ्याची भाजीसुद्धा. आमचे हे म्हणाले, "कावळ्याला भूक लागली असेल." असेल. सगळ्यांनाच लागते, मी तरी दुसरं काय म्हणत होते?

* * *

पुढच्या रविवारी रणकेतू परत आला. फांदीलाच अडकला होता. डॉक्टरांचं निदान पहिल्यांदाच बरोबर निघालं. बापूंनी नांदगावच्या नावाने टाळी मागितली. सासूबाई मात्र उठून उभ्या राहिल्या.

"कावळा शिवल्यावर कोणी परत येतं का? मंदे, याला घरात घेऊ नको."

माझ्या हातात सोनूची वाटी होती, दुधी भोपळा आणि भात. मेला म्हणून तिने शब्द दिला होता. आता तो जिवंत, मग तो शब्द कशाला पाळेल?

सोनूने टीव्हीकडे बघितलं, वाटीकडे बघितलं. मी घास पुढे केला. तिने भात खाल्ला. मग भोपळ्याच्या सगळ्या फोडी बोटाने एका कडेला सारल्या.

"आई, एवढं त्याला दे. त्याचा घास कावळ्याने खाल्ला ना. तो त्या रविवारपासून उपाशी आहे."