धरलेली जागा

माझ्या सासऱ्यांना बसल्या जागेवरून उठवेल असा माणूस निदान पुण्यात तरी जन्माला आला नव्हता. हे मी जावई या नात्याने, म्हणजे पुरेशा आकसाने लिहितो आहे हे मान्य, पण सदाशिव पेठेतल्या कुणालाही विचारा, तो आधी "कशाला विचारताय?" असं विचारेल आणि मग हेच सांगेल. पगार त्यांनी पाटबंधारे खात्याचा घेतला, पण आयुष्य घातलं ते जागा धरण्यात. साधन एकच, पांढरा रुमाल. केशकर्तनालयात, गाण्याच्या मैफलीत, बँकेच्या बाकड्यावर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे आधी रुमाल जाई आणि मागून सावकाश सासरे. त्यांच्या मते माणसाची नियत ओळखायला पत्रिका लागत नाही. दुसऱ्याच्या रुमालाशी तो कसा वागतो एवढं पाहिलं की पुरे. माझं लग्न ठरण्याआधी त्यांनी मला दोनदा नाटकाला नेलं होतं. ते का, हे मला लग्नानंतर कळलं.

एकदा स्वारगेटला गाडी फलाटाला लागतेय न लागतेय तोच त्यांनी खिडकीतून रुमाल टाकला. आत चढून पाहतात तो त्यावर एक धिप्पाड गृहस्थ बसलेले. "आपण माझ्या रुमालावर विराजमान आहात," सासरे म्हणाले. गृहस्थांनी बरीच हुज्जत घातली, सगळी गाडी दोन पक्षांत विभागली गेली, आणि अखेर ते पुटपुटत उठले. सासरे बसले, रुमाल झटकला, घडी केली. कंडक्टर आला. "सातारा एक," सासरे म्हणाले. "काका, ही सोलापूर हाय," कंडक्टर म्हणाला. उठलेले गृहस्थ दांडीला लोंबकळत त्यांच्याकडे बघतच होते. सासऱ्यांनी क्षणभर विचार केला आणि शांतपणे सांगितलं, "मग हडपसर एक द्या."

अशा या माणसाने अख्ख्या दुनियेला उठवलं, पण मला कधी उठवलं नाही. जावयाला उठवायचं नसतं. घरातली पंख्याखालची खुर्ची माझी, कडेची बाकरवडी माझी, वर्तमानपत्राचं पहिलं पान माझं. एका मैफलीत मी अंधारात चाचपडत नेमका त्यांच्या रुमालावर जाऊन बसलो. ते परत आले, मला पाहिलं आणि मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले ते भैरवीपर्यंत. त्यांना पाठदुखीमुळे उभं राहायला सांगितलंय, अशी मी माझी समजूत करून घेतली आणि मध्यंतरानंतर त्याच खुर्चीत छान झोपलो.

हिंजवडीचा रस्ता नुकताच तुंबायला लागला होता, त्या काळातली गोष्ट. बेंगळुरूला त्यांची थोरली बहीण होती, आक्का. आई लवकर गेल्यामुळे सासऱ्यांना तिनेच वाढवलेलं. तिचा एक डोळा पूर्वीच गेला होता आणि दुसऱ्यातला मोतीबिंदू इतका पिकला होता की तिला माणसं नुसत्या आवाजावरून ओळखावी लागत. शस्त्रक्रियेला ती दोन वर्षं नाही म्हणत होती. उरलेला एकच डोळा, तोही गेला तर? शेवटी तयार झाली ती एका अटीवर. "तू येऊन माझा हात धर, मग मी आत जाते." शस्त्रक्रिया सकाळी होती. आगगाडीचं आरक्षण मिळालं नाही, म्हणून सासऱ्यांनी जन्मात पहिल्यांदा विमानाचं तिकीट काढलं, आदल्या संध्याकाळचं. योगायोगाने त्याच संध्याकाळच्या विमानाने माझी कंपनी मलाही पाठवत होती. "वेब चेक-इन मी करतो, बाबा, घरबसल्या सीट धरून होते. आमचं रोजचंच काम आहे," मी म्हणालो. आणि केलंही. माझं. त्यांचं करायला घेतलं आणि वीज गेली. ती आली तेव्हा संगणक क्षेत्रातल्या या तज्ज्ञाचं दोघांचंही झालं आहे असं मत पडलं होतं.

लोहगावला विमानतळाच्या काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी होती. तिने त्यांचं तिकीट पाहिलं, पडदा पाहिला आणि आवाज मऊ केला. "आजोबा, फ्लाइट फुल आहे. तुम्हाला उद्या सकाळच्या फ्लाइटमध्ये अ‍ॅडजस्ट करते हं."

"माझं तिकीट कन्फर्म आहे."

"हो, तिकीट कन्फर्मच आहे. सीट नाहीये."

"वा. म्हणजे पान मांडलंय, वाढायला काही नाही."

आपलं ज्ञान पाजळायची हीच वेळ आहे असं मला वाटलं. मी समजावलं की काही प्रवासी येतच नाहीत, म्हणून कंपन्या खुर्च्यांपेक्षा थोडी जास्त तिकिटं विकतात. त्याचं एक गणित असतं. कधी सगळेच येतात, मग ते गणित चुकतं आणि ज्याचं चेक-इन झालेलं नसतं तो मागे राहतो. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मंगल कार्यालयवाल्याने एका मुहूर्तावर दोन लग्नं घ्यायची," ते म्हणाले, "एखादा नवरदेव पळून जाईल या आशेवर."

मुलगी हसली, पण पुढचं वाक्य तिला पाठ होतं. "आम्ही नियमाप्रमाणे भरपाई देतो, आजोबा. शिवाय हॉटेल आणि जेवण."

"हॉटेल कुठे?"

"इथेच, विमाननगरला."

"पुण्याच्या माणसाला पुण्यात मुक्काम. उत्तम. ताई, तुमची भरपाई चांगलीच असेल, पण मला ती घेऊन जायचंय कुठे? उद्या सकाळी माझ्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन आहे. मी गेलो नाही तर ती आत जाणार नाही. मला खुर्ची हवी." मग त्यांनी चष्मा सारखा केला. "आणि मला सांगा, कुणाला मागे ठेवायच्या आधी राजीखुशीने कोण थांबतं ते विचारायचं असतं ना? पेपरात आलं होतं. विचारलंत?"

मुलीने शेजारच्या सहकाऱ्याकडे पाहिलं. सहकाऱ्याने छताकडे पाहिलं. "एवढ्या गर्दीत ते जरा…"

"मग मी विचारतो."

आणि ते रांगेकडे वळले. सगळी लॅपटॉपच्या काळ्या पिशव्यांची, गळ्यात पट्टे घातलेली रांग. "मंडळी, एक मिनिट," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, एसटीत 'जरा सरकून घ्या' म्हणतात तितकाच. "मला आज बेंगळुरूला पोचायलाच हवं. तुमच्यात असं कुणी आहे का, की ज्याची आज तिकडे कुणी वाट बघत नाहीये? त्याने उद्या गेलं तरी चालेल. हॉटेल, जेवण, भरपाई सगळं या ताई देतायत."

रांगेतली प्रत्येक मान मोबाइलमध्ये गेली. माझीही. दुसऱ्या दिवशी माझा डेमो होता, आणि तो माझ्याशिवाय होऊच शकत नाही असं मी घरात इतक्या वेळा सांगितलं होतं की माझाही त्यावर विश्वास बसला होता. सासरे एकेका चेहऱ्याशी थांबत पुढे सरकले. एकाच्या घरी बारसं होतं, एकीची आई एकटी होती. ते प्रत्येकाला "बरं बरं, तुम्ही जायलाच हवं" म्हणत होते. माझ्यापाशी आले आणि मला गाळून पुढच्या माणसाकडे गेले.

मी मोबाइल खिशात घातला. बेंगळुरूत त्या रात्री माझी वाट बघणारा होता तो फक्त एक प्रोजेक्टर. मी मुलीला म्हणालो, "मी थांबतो. माझी सीट यांना द्या."

"अजिबात नाही," सासरे गर्रकन वळले. "जावयाला खाली उतरवून मी वर जाऊ? लोक काय म्हणतील?"

"लोकांना कळणार नाही, बाबा."

"हिला कळेल." ही म्हणजे सासूबाई. "जावईबुवा, तुम्ही निमूट जा. मी आहे इथे, मी बघतो."

"आक्कांना काय सांगणार आहात? जावयाचा मान राखला, म्हणून आलो नाही?"

त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि नुसता हातात धरून ठेवला. रुमाल टाकायला जागा नसलेला हा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला ते सोसेना. काउंटरवरच्या मुलीनेच तिढा सोडवला. "आजोबा, ते राजीखुशीने उतरतायत. तुम्ही राजीखुशीने चढा. काउंटर बंद होतंय."

"आधी यांची भरपाई लिहून द्या. मग मी हलतो." काउंटर बंद व्हायला आलेलं असताना ते तिथे तसेच रोवून उभे राहिले, मुलीने लिहिलेला प्रत्येक शब्द उलटा वाचत. तिने शिक्का मारला तेव्हा कुठे बोर्डिंग पास हातात घेतला. जाताना मला म्हणाले, "तो पट्टा बांधतात कसा?" मी माझ्या कमरेच्या पट्ट्यावर करून दाखवलं. तपासणीच्या रांगेत ते मागे न बघता शिरले.

विमाननगरच्या हॉटेलात न जाता मी सरळ सासुरवाडीला गेलो. सासूबाईंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागच्या रिकाम्या जिन्याकडे पाहिलं.

"तुम्ही उतरलात?"

"हो."

"आणि हे चढले?"

"हो."

"कधी नव्हे ते ऐकलं कुणाचं तरी," त्या म्हणाल्या आणि पान घ्यायला आत वळल्या. दुसऱ्या दिवशीचा डेमो माझ्याशिवाय झाला आणि, सहकाऱ्यांनी आवर्जून कळवल्याप्रमाणे, उत्तम झाला.

सासरे दोन आठवड्यांनी आगगाडीने परतले. विमानाची हकिगत त्यांनी पेठभर सांगितली: खिडकी कशी उघडत नाही, शेजारच्याने खुर्चीच्या हातावर कसा कब्जा केला आणि तो कसा परत मिळवला. आक्काबद्दल मात्र नुसतं "झालं व्यवस्थित" एवढंच. आता दोघंही नाहीत. पण तेव्हा एकदा संध्याकाळी आम्ही दोघेच गॅलरीत बसलो असताना, मी काही विचारलं नसताना, ते बोलले.

"दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. मी समोरच होतो. तिने डोळा उघडला आणि कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, दिसत नाहीये. ऑपरेशन फुकट गेलं." खालून कुणाची तरी स्कूटर गेली.

"मग म्हणाली, किती म्हातारा झालास रे."