घोड्यावर थांबलेला हात

काल संध्याकाळी वाचनालयाच्या व्हरांड्यात पटावरच्या घोड्यावर ठेवलेला माझा हात उचलेचना. निवृत्तीनंतर बुद्धिबळ मनावर घेतलं. पूर्वी बेधडक खेळायचो; आता प्रत्येक खेळीत आधी चूकच दिसते. शेवटी मला खेळ शिकवणाऱ्या कुलकर्णीबाईंकडून पुन्हा हरलो.

"बाई, या वयात माझ्याच्यानं नाही होणार हे."

"कुठे चुकलात?" त्यांनी विचारलं.

"वजीर लवकर बाहेर काढला, तिथंच."

"पूर्वी हे मला सांगावं लागायचं."

हात सुधारण्याआधी नजर सुधारत असावी, आणि तोवर माणूस नुसता दमत राहतो. बाईंनी पट पुन्हा मांडला, पांढऱ्या सोंगट्या माझ्याकडे ठेवल्या. घरी जावंसं वाटत होतं. तरी मी राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं.